नाइट ड्यूटीचा डबा आणि दिवसाची झोप : नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात चौदा वर्षं स्टाफ नर्स आहे. महिन्याला आठ-दहा नाइट असतात, रात्री ८ ते सकाळी ८. नवीन मुली रुजू झाल्या की पहिल्या नाइटच्या आधी हमखास विचारतात, "ताई, रात्रभर जागं कसं राहायचं?" जागं राहायला वॉर्डच शिकवतो. खरी परीक्षा असते सकाळी साडेनऊला, अंथरुणाला पाठ टेकल्यावर. अंग मोडून आलेलं असतं, डोळे चुरचुरत असतात आणि झोप मात्र लागत नाही. लागलीच तर साडेबाराला मोडते, आणि मग संध्याकाळपर्यंत नुसती कूस बदलायची.

खोलीतला उजेड आणि रस्त्यावरचे आवाज ही कारणं खरी आहेत. जाड पडदा आणि कानातले बोळे यांनी ती बरीचशी मिटतात. पण रात्री काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि शेवटचा चहा कधी घेतला, याकडे कुणी बघतच नाही. मीसुद्धा पहिली तीन वर्षं बघितलं नव्हतं.

खालच्या वेळा माझ्या ड्यूटीप्रमाणे आहेत. तुमची थर्ड शिफ्ट ११ ते ७ असेल, किंवा आयटीतली शिफ्ट पहाटे ३ ला सुटत असेल, तर तास पुढेमागे करून घ्या. क्रम तोच राहतो.

पायरी १ : आधी झोपेची वेळ ठरवा, मग जेवणाची

आपण उलटं करतो. भूक लागली की खातो, कुणी बोलावलं की चहा घेतो, आणि झोप उरलेल्या वेळात बसवतो. एक कागद घ्या आणि त्यावर झोपायची वेळ लिहा. माझी सकाळी ९:३०. आता तिथून मागे मोजत या. झोपेच्या आठ तास आधी शेवटचा चहा, म्हणजे रात्री १:३०. मध्यरात्रीचा डबा १२ च्या आसपास संपलेला. रात्रीचं मुख्य जेवण ड्यूटीवर निघण्याआधी, ७ च्या सुमारास. झोपण्याआधीची छोटी न्याहारी ८:३० ला. हा कागद फ्रिजवर लावा, म्हणजे घरच्यांनाही दिसेल. त्यांना तो दिसणं किती गरजेचं आहे, ते पुढे सांगते.

पायरी २ : पोट भरायचं ते घरूनच

संध्याकाळी ४ ला उठल्यावर ती तुमची सकाळ असते. उठल्या उठल्या नुसत्या चहावर राहू नका. दुपारच्या स्वयंपाकातली पोळी-भाजी, उसळ, थोडं दही असं खऱ्या अर्थाने खा. मग ७ ला जेवण : दोन पोळ्या किंवा भाकरी, भाजी, वरण, मूठभर भात, कोशिंबीर. अगदी तुडुंब नको, पण दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण हेच.

नवीन मुली इथेच चुकतात. "आत्ता भूक नाही, रात्री खाईन" म्हणत नुसता डबा घेऊन येतात आणि रात्री २ ला, पेशंट जरा झोपले की, अख्खं जेवण जेवतात. ते जेवण बाधतं, आणि त्याला कारण आहे.

आपल्या शरीरात एकच घड्याळ नसतं. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांची आपापली घड्याळं असतात आणि ती जेवणाच्या वेळांवरून बरंच काही ठरवतात. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं, ते शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. रात्र झाली की स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवतं आणि जठर हळू रिकामं होतं. त्यामुळे जी थाळी संध्याकाळी सहज पचते, तीच रात्री २ ला खाल्ली तर रक्तातली साखर जास्त चढते आणि अन्न पोटात रेंगाळतं. तुम्ही जागे असता, पण तुमचं पोट निजायला लागलेलं असतं.

बोस्टनमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत ठेवून, रात्रपाळीसारखं जागवून हे तपासलं. एका गटाला रात्रीही जेवण दिलं, दुसऱ्याला फक्त दिवसाच. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, दिवसा जेवणाऱ्यांची म्हणावी तशी वाढली नाही. हा अभ्यास साखरेचा होता, झोपेचा नव्हे, आणि माणसं फक्त १९ होती. तरी वॉर्डात जे वर्षानुवर्षं दिसतं त्याच्याशी तो जुळतो, म्हणून मी तो प्रत्येकीला सांगते.

आता बारा तासांच्या ड्यूटीत पाण्याखेरीज काहीच खायचं नाही, असं मी सांगणार नाही. जिना चढ-उतर करणाऱ्या, पेशंट उचलणाऱ्या माणसाला ते झेपत नाही. आपण मधला रस्ता घेऊ.

पायरी ३ : डबा लहान, आणि १२ च्या आसपास

नाइटचा डबा एकाच कप्प्याचा घ्या. तीन कप्प्यांचा डबा नेला की तीन कप्पे संपवले जातात. माझ्या डब्यात आलटून पालटून हे असतं : एक भाकरी आणि मटकीची उसळ, मुगाची दोन धिरडी आणि चटणी, दोन उकडलेल्या अंड्यांबरोबर एक पोळी आणि काकडी, किंवा भाज्या घातलेली मुगाची खिचडी एक वाटी. प्रथिनं आणि चोथा असलेलं खाल्लं की भूक लांबते. नुसता भात, मैद्याची बिस्किटं किंवा पाव यांनी तासाभरात डोळे जड होतात आणि पुन्हा काहीतरी गोड खावंसं वाटतं.

तळलेलं, तर्रीदार आणि फार तिखट यांना रात्री ११ नंतर सुट्टी. वडापाव, भजी, शेवेचा रस्सा हे सगळं मला आवडतं आणि मी ते खाते, पण ऑफच्या दिवशी, संध्याकाळी.

कारखान्यात असाल तर कँटीनच्या जेवणाची वेळ तुमच्या हातात नसते. थर्ड शिफ्टचं जेवण काही ठिकाणी २ ला, काही ठिकाणी अडीचला मिळतं. मग घरून जेवून या आणि कँटीनमध्ये वरण, भाजी, ताक एवढंच घ्या. पोळ्या एक-दोन, भात सोडा. ताटात वाढून घेताना लाजू नका, "अर्धंच द्या" म्हणा. फुकट मिळतंय म्हणून दोनदा जेवणारे माझे शेजारी चाकणहून येऊन दुपारभर छाती चोळत बसायचे. ताट अर्धं केलं आणि महिन्याभरात त्यांची अँटासिडची बाटली सुटली.

पायरी ४ : ३ ते ५ ची भूक ओळखा

पहाटे ३ ते ५ च्या दरम्यान शरीराचं तापमान सगळ्यात खाली उतरतं. अंगात कणकण वाटते, हात थंड पडतात आणि गोड किंवा खारं काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. ही भूक पुष्कळदा भूक नसतेच, ती झोप असते. नर्सिंग स्टेशनवर त्या वेळी बिस्किटांचा पुडा फुटतो, कुणाच्या तरी घरचा चिवडा निघतो, आणि बोलता बोलता वाटीभर पोटात जातं.

आधी एक ग्लास कोमट पाणी प्या. स्वेटर घाला. एक राउंड मारा, किंवा मशीनवरून हलता येत असेल तर पाच मिनिटं चाला. तोंडावर पाणी मारा. जिथे आळीपाळीने आराम घ्यायची सोय आहे तिथे वीस मिनिटं डोळे मिटा. त्याहून जास्त झोपलात तर उठताना डोकं जड होतं. पंधरा मिनिटांनी अजूनही पोटात खड्डा पडल्यासारखं वाटत असेल तर ती खरी भूक. मग मूठभर फुटाणे, एक केळं किंवा पेलाभर ताक घ्या. चक्कर येईपर्यंत ताणू नका. तुमच्या हातात इंजेक्शन असतं, कुणाच्या हातात प्रेस मशीन असतं.

पायरी ५ : चहा

सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा. माझ्या पाहण्यात नाइटवाल्यांची सर्वात जास्त झोप चहाच खातो.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते झोपेचा दाब वाढवतं. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. झोपेचा दाब तसाच असतो, फक्त तो आपल्याला जाणवत नाही. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. म्हणजे पहाटे ४:३० ला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन सकाळी ९:३० ला तुमच्याबरोबर अंथरुणात असतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी झोप तासाभरापेक्षा जास्त घटली. आपल्या छोट्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असतं, पावडर किती आणि उकळला किती त्यावर. एका कपाने काही होत नाही हे खरं, पण नाइटला एका कपावर कोण थांबतं? १० ला एक, १२ ला एक, २ ला थर्मास फिरतो, ४ ला दुसरा, आणि सकाळी हँडओव्हर झाल्यावर गेटबाहेर कटिंग.

चहा सोडा असं मी म्हणत नाही. तो लवकर प्या. ड्यूटी सुरू होताना एक, ११ च्या सुमारास एक, फार तर १:३० ला अर्धा कप, आणि मग बंद. मला स्वतःला ही सवय लावायला दोन महिने लागले. पहिले चार दिवस डोकं दुखलं, ते कमी होत गेलं. पण डोकं दुखतं म्हणून गोळी घेताना वेष्टन वाचा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्येही कॅफीन असतं, तसंच कोलामध्ये आणि एनर्जी ड्रिंकमध्ये. कॉफीच्या कपात तर चहापेक्षा बहुधा जास्तच.

४ च्या थर्मासच्या वेळी "नको" म्हटलं की एकटं पडल्यासारखं होतं, हे मला ठाऊक आहे. चहा हा निम्मा गप्पांसाठीच असतो. म्हणून मी माझा वेगळा थर्मास नेते : गवती चहाची पात, आल्याचा तुकडा आणि पाणी, पावडर नाही. कप हातात असला की कुणी आग्रह करत नाही. आता आमच्या वॉर्डात तिघी-चौघी माझ्याच थर्मासमधलं घेतात.

साखरेचाही हिशेब करा. कपाला दोन चमचे धरले तर पाच कपांचे दहा चमचे, तेही इन्सुलिन सुस्तावलेलं असताना. आणि जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं हे आम्ही रोज रिपोर्टांत बघतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

मिश्री, तंबाखू, गुटखा, सिगारेट यांबद्दल एकच सांगते : जागं राहण्यासाठी म्हणून नाइटमध्येच ती लागते आणि मग दिवसाही सुटत नाही. निकोटिन झोप उडवतं, त्यामुळे सकाळी घरी जाताना घेतलेली चिमूट थेट झोपेवर बसते.

पायरी ६ : गेटबाहेरची टपरी

सकाळी ८ ला बाहेर पडलं की मिसळीचा वास येतो. रात्रभर काम केलेलं असतं, आपण हक्काने बसतो. पहिल्या वर्षी माझा आणि मैत्रिणीचा तो नेमच होता : मिसळ-पाव, वर एक ताक, एक चहा, आणि घरी जाऊन सरळ आडवं. तासाभरात घशाशी आंबट यायचं. मी झोपेतून उठून बसायची आणि मला वाटायचं की खोलीत उकडतंय म्हणून झोप मोडली. एका डॉक्टरांनी मला फक्त एवढंच विचारलं, "झोपायच्या आधी काय खाता?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. भरल्या पोटी आडवं झालं की जठरातलं आम्ल वर चढतं. एरवी रात्री जेवून दोन-तीन तासांनी झोपणारी मी, सकाळी खाऊन वीस मिनिटांत झोपत होते.

अगदी उपाशी झोपूनही चालत नाही. तसं केलं की १२ ला भुकेने जाग येते, आणि घरात तेव्हा नेमका फोडणीचा वास दरवळत असतो. म्हणून थोडकं आणि सौम्य : नाचणीची आंबील, वाटीभर उपमा, दोन इडल्या, किंवा एक अंडं आणि अर्धी पोळी. दूध सोसत असेल तर कपभर कोमट दूध. दुधाने पटकन झोप लागते असं नाही, पण पोट शांत राहतं. खाऊन झाल्यावर अंघोळ, कपडे, उद्याची तयारी असा तासभर तरी जाऊ द्या. जळजळ होत असेल तर डाव्या कुशीवर झोपा आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवा.

पाणी रात्रीच्या पहिल्या भागात भरपूर प्या, ५ नंतर घोट घोट. नाहीतर दुपारी लघवीसाठी दोनदा उठावं लागतं. आणि झोप लागावी म्हणून सकाळी दारू घेणारेही मी पाहिले आहेत. तिने डोळा पटकन लागतो, पण झोप तुटक होते आणि दोन-तीन तासांत जाग येते. त्या वाटेला जाऊ नका.

घरी येताना पेंगत असाल तर गाडी चालवू नका. बस घ्या, कुणाला तरी न्यायला बोलवा.

पायरी ७ : घरच्यांशी बोला

वरचे सगळे नियम पाळले आणि घरच्यांनी १ वाजता जेवायला उठवलं, तर सगळं पाण्यात. आमच्याकडे सासूबाई दार वाजवायच्या, "अगं, दोन घास खाऊन घे आणि मग झोप. उपाशीपोटी झोपू नये." त्यांची माया होती. रात्रभर काम करून आलेली सून दुपारी जेवली नाही, हे त्यांच्या मनाला लागायचं. मी चिडायची, त्या गप्प व्हायच्या.

शेवटी एका रविवारी मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आई, तुम्हाला कुणी रात्री २ ला वरणभात खायला उठवलं तर? माझी दुपार म्हणजे तुमची रात्र." त्यांना ते लगेच पटलं. तेव्हापासून माझं ताट झाकून ठेवतात आणि ४ ला मी उठले की स्वतः गरम करून देतात. कुकर मी उठायच्या आधी लावायचा असेल तर स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात. हे बोलणं पहिल्या नाइटच्या आधीच करा, भांडणानंतर नव्हे. आणि ज्या बायका नाइट करून आल्यावर स्वतःच सगळ्यांचा स्वयंपाक करून झोपतात, त्यांच्या घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : नाइटच्या दिवसांत सकाळची चूल दुसऱ्या कुणीतरी सांभाळा. डब्यातल्या कुठल्याही बदलाने ती दोन तासांची झोप परत मिळत नाही.

पायरी ८ : उपवास आणि ऑफचे दिवस

संकष्टीला चंद्रोदय साधारण नऊच्या आसपास, म्हणजे तुम्ही ड्यूटीवर. मग उपवास सोडायला रात्री ११ ला भरपेट जेवण आणि मोदक, असं होतं. उपवास करायचाच असेल तर उपवास सोडताना वरण-भाताचे चार घास आणि भाजी एवढंच घ्या. साबुदाण्याची खिचडी रात्री नको. तूप, दाणे आणि निव्वळ पिष्ट यांचा तो गोळा पहाटेपर्यंत जागेवर बसतो. राजगिरा, वरीचे तांदूळ, ताक, फळ हे हलकं जातं. सलग नाइट असताना कडक किंवा निर्जळी उपवास करू नका, असं मी स्पष्ट सांगते.

शेवटच्या नाइटनंतर दिवसभर झोपू नका. १२:३० ला उठा, घरच्यांबरोबर दुपारचं जेवण जेवा, संध्याकाळी उन्हात फिरा आणि रात्री लवकर झोपा. जेवणाच्या वेळा पहिल्याच दिवशी जागेवर आणल्या की पोट पटकन सावरतं.

कुणी आधी डॉक्टरांना विचारायचं

मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर पहिल्या नाइटच्या आधीच औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या. जेवण सरकलं आणि औषध तिथेच राहिलं की साखर एकदम उतरते. अशा वेळी वरचे कोणतेही नियम बाजूला ठेवा आणि लगेच साखर किंवा ग्लुकोज खा. गरोदरपण, अल्सर, फिट येण्याचा त्रास असेल तरीही आधी विचारा. आठवड्यातून दोन-तीनदा आंबट वर येत असेल, किंवा सगळं पाळूनही तीन-चार आठवडे झोप पाच तासांच्या वर जात नसेल, तर तपासून घ्या. झोपेची गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका.

पहिले चौदा दिवस

एक छोटी वही करा. रोज चारच गोष्टी लिहा : डबा किती वाजता खाल्ला, शेवटचा चहा किती वाजता, झोपायच्या आधी काय खाल्लं, आणि किती तास झोप झाली. सगळे बदल एकदम करू नका, कशाचा उपयोग झाला ते कळणार नाही. आधी चहाची वेळ मागे आणा. चार नाइट तशा काढा. मग टपरीवरची न्याहारी बदला. डब्याला शेवटी हात घाला. माझ्या वहीत पहिला बदल दिसला तो सहाव्या नोंदीला, शेजारी लिहिलं होतं : "चहा १:१५, आंबील, झोप साडेपाच तास, मध्ये जाग नाही."